शेजारणीला पाठव

डॉक्टरीणबाईंविषयी चांगलं बोलणारी माणसं आजकाल पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातली नाही. त्यांच्यावर लिहायला बसले आहे ते राग निवळला म्हणून नव्हे. राग आहे तसाच आहे, आणि तरीही लातूरच्या एखाद्या बाईनं मला विचारलं, की बायकांच्या दुखण्याला कुठं जावं, तर माझ्या तोंडातून त्यांचंच नाव निघतं, याचा मला संताप येतो म्हणून लिहिते आहे. आई गेली त्याला आता चौथं वर्ष लागलं. ती वाचली असती. ते कसं, हे सांगायचं तर आधी ही बाई काय वल्ली आहे ते सांगावं लागेल.

त्यांचा दवाखाना माझ्या माहेरच्या गल्लीच्या टोकाला. समोर ओसरी, आत दोन खोल्या, मागं त्यांचं राहणं. उंच, हाडकुळी बाई. केस पुरुषासारखे कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर, आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालून त्या भाजी आणायला निघाल्या की गल्लीतली पोरं मागून हसायची आणि त्या मागं वळूनही बघायच्या नाहीत. मूळच्या उदगीरकडच्या. शिक्षण मोठ्या शहरात झालेलं, इंग्रजी फाडफाड, पण पेशंटसमोर बोलणं अगदी शिवारातलं. लग्न केलं नव्हतं. बाळंतपणं करणारी बाई स्वतः बिनलग्नाची, हे आमच्या गल्लीला कधी पचलं नाही. एका म्हाताऱ्या आजीनं तोंडावर विचारलं होतं, की मॅडम, तुम्हाला लेकराबाळांचं काय कळतंय. त्यावर त्यांनी तिचं ब्लडप्रेशर घेता घेता विचारलं, की गुरांच्या डॉक्टरला शिंगं असतात का. आजी परत आली नाही. अशानं त्यांची प्रॅक्टिस कशी चालायची?

चालतच नव्हती. दुसरं कारण सलाईन. आमच्याकडे सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरनं काही केलं असं माणसाला वाटत नाही. बाई थकली की तिला 'ताकदीची बाटली' लावून आणायची रीत. डॉक्टरीणबाईंकडे बाटली नव्हती. चक्कर येते, डोळ्यापुढं अंधारी येते, असं सांगत कुणी आलं तर त्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि विचारायच्या, "जेवतीस कुणाच्या नंतर?" हा काय प्रश्न झाला, म्हणून बाई सासूकडे बघायची. त्या लोहाच्या गोळ्या द्यायच्या, जंताची गोळी द्यायच्या, रक्त तपासायला सांगायच्या, आणि चिठ्ठीवर सगळ्यात वर मराठीत लिहायच्या, की हिनं महिनाभर घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं. ती चिठ्ठी घरी वाचली गेली की ते घर पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नसे. एका सासूनं तर औषधवाल्याला विचारलं म्हणे, की हे पहिलं औषध तुमच्याकडं मिळतं का, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.

त्यांचं खरं काम शुक्रवारचं. शुक्रवारी दुपारी ओसरीवर बायका जमायच्या आणि जिला जे विचारायचं तिनं ते विचारायचं. फी नाही. पुरुष नाहीत. भाषणही नाही. महिला दिनाला त्यांना कितीतरी मंडळांनी बोलावलं, त्या कधी गेल्या नाहीत. विचारलं नाही त्याचं उत्तर द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. म्हणायच्या, भाषण बायका पदरानं वारा घेत ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात, स्वतः विचारलेलं तेवढं ध्यानात राहतं.

या शुक्रवारच्या बैठकीला मी कॉलेजात असल्यापासून सुटीत बसायची, गंमत म्हणून. गंमत खरोखरच होती. कुणी 'खाली आग होते' म्हटलं की डॉक्टरीणबाई जमिनीकडे बोट दाखवून म्हणायच्या, खाली फरशी आहे, फरशीला कशाची आग, जागेचं नाव घे. मग त्या स्वतः ते नाव खणखणीत आवाजात घ्यायच्या. रस्त्यानं जाणारा भाजीवाला एकदा गाडा तिथंच सोडून पळाला होता. पांढरं जातं म्हणजे हाडं विरघळून बाहेर येतात, असं आमच्याकडे जाणत्या बायकाही सांगतात. त्यावर त्या म्हणायच्या, हाडं साडीवर येत नसतात, थोडंफार पांढरं प्रत्येकीला जातं, ते शरीराचं रोजचं धुणं आहे. वास आला, खाज आली, रंग बदलला तर मात्र ये आणि टेबलावर झोप. माहूरला रेणुकामातेला जायचं म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी मागायला बायका यायच्या. त्या वाद घालत नसत. डोकं दुखतं का, पाय सुजतात का, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का, एवढं विचारून सरळ गोळी लिहून द्यायच्या. पण तीच गोळी नवरा मागायला आला तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायच्या. म्हणायच्या, पाळी जिची आहे तिला पाठवा, देवीला काय सांगायचं ते आम्ही दोघी बघतो.

हाच त्यांचा मोठा नियम. ज्याचं दुखणं त्यानं स्वतः सांगायचं. आमच्याकडच्या बायकांना 'मला' म्हणायची सवय नाही. सगळी दुखणी शेजारणीला होतात. एका ओळखीच्या बाईला, माझ्या नणंदेच्या जावेला, आमच्या शेजारणीला. शुक्रवारी कुणी असं सुरू केलं, की डॉक्टरीणबाई हात वर करायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या, "शेजारणीला पाठव." मग कितीही गयावया करा, उत्तर नाही. पुढचा प्रश्न. बहुतेक वेळा ती बाई मान खाली घालून हळूच म्हणायची, मला आहे मॅडम. सगळ्याजणी हसायच्या, तीही हसायची. मग तिला उत्तर मिळायचं, आणि ते असं मिळायचं की तेवढं उलगडून तिला जन्मात कुणी सांगितलं नसेल. हा नियम मला त्या वयात फार आवडायचा. माझ्या मैत्रिणींना मी तो अभिमानानं सांगत असे.

नियमाचं मूळ आईला माहीत होतं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका सासूनं सुनेचं पोट दुखतं म्हणून औषध मागितलं. सून घरी. सासूच्या सांगण्यावरून यांनी गॅसची गोळी दिली. सुनेला दिवस गेले होते आणि गर्भ नळीत अडकला होता. नळी फुटून ती पोर दवाखान्यात पोचायच्या आत गेली. त्यानंतर यांनी ठरवलं, की दुसऱ्याच्या तोंडून दुखणं ऐकायचं नाही. हे त्यांनी आईला एकदाच सांगितलं, आणि मग कितीतरी वेळ बूट पुसत बसल्या म्हणे.

किल्लारीकडून जीपनं आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. बाई तिशीचीही नसेल. दुसऱ्या एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, की पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि बाजारच्या पिशवीइतकीच तिची किंमत करतात. दोन लेकरं झाली, की आता ती कशाला हवी. डॉक्टरीणबाईंचं उत्तर अशा वेळी ठरलेलं असायचं: आधी दुखतं कशानं ते बघू, पिशवी कुठं पळून जात नाही. तर ते जोडपं बसलं आणि नवरा सांगू लागला, हिला असं होतं, हिला तसं होतं. त्यांनी पेन खाली ठेवून त्याला विचारलं, तुमची पाळी शेवटची कधी आली. तो म्हणाला, माझी? त्या म्हणाल्या, मग बाहेर बसा, जिची येते ती सांगेल. बायकोला होतं साधं इन्फेक्शन. गोळ्या दोघांनी घ्यायच्या होत्या, नवऱ्यानंही. इथंच सगळं फिसकटलं. मला काय धाड भरली, म्हणत तो तिला घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे तिची पिशवी काढून आणली. अंडाशयांसकट.

ही गोष्ट सांगताना लोक 'माझी?' या शब्दाशी थांबतात आणि हसतात. पुढचं आईनं मला सांगितलं. वर्षभरानं ती बाई एकटीच आली. अंगातून वाफा निघतात, झोप नाही, गुडघे धरलेले, चेहरा पन्नाशीचा. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, गोळ्या दिल्या, एक शब्द रागावल्या नाहीत. ती गेल्यावर मागच्या अंगणात जाऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. आई त्यांना भाकरी घेऊन गेली तर म्हणाल्या, बाई, मी बरोबर होते, त्याचा हिला काय उपयोग झाला?

आईला त्या 'बाई' म्हणायच्या, कारण आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती आणि तिला सगळं गावच बाई म्हणायचं. रिटायर झाल्यावर आईनं शुक्रवारचं काम अंगावर घेतलं. सतरंज्या घालायची, चहा करायची, आसपासच्या गल्ल्यांतून बायका गोळा करून आणायची. नवीन आलेली बाई शेजारणीवर घसरली, की आईच तिला कोपरानं ढोसायची, "'मी' मन गं माय, लाजू नको, इथं कुणी खात न्हाई." दोघींची दोस्ती अजबच होती. एक तडक तोंडावर बोलणारी, दुसरी आयुष्यभर दुसऱ्याच्या सोयीनं बोललेली. आई आजारी पडली तरी 'अंग जरा कोमट लागतंय' म्हणायची, 'मला ताप आलाय' म्हणायची नाही. वर्गातल्या पोरींना उभं राहून बोलायला शिकवण्यात तिची सगळी नोकरी सरली, पण स्वतःच्या शरीराबद्दल एक सरळ वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माझी पहिली पाळी आली तेव्हाही तिनं कपाटातून कापड काढून दिलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

माझं लग्न नांदेडला झालं, नोकरीही तिथंच. आई दिवाळीला माझ्याकडे आली होती. फराळ करता करता ती बाथरूममध्ये गेली आणि तिथंच बसली. मी दार ढकललं तर सगळी फरशी लाल. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि पुढं गेलेला आहे. म्हणाला, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं की बायका हे उष्णतेचं समजतात आणि सब्जा खात बसतात, तेव्हाच आणलं असतं तर बरंच करता आलं असतं. लातूरहून आलेल्या बाबांनी ते ऐकलं आणि त्यांचा पहिला प्रश्न असा होता, की बाहेर काय सांगायचं. मग ठरलं, हार्टचा त्रास आहे म्हणून सांगायचं. हार्ट हा अवयव चारचौघांत नाव घेण्याजोगा आहे.

शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस सुरू झाले. एका दुपारी, शेक घेऊन आल्यावर, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचे पाय चेपत होते. ती एकदम म्हणाली, "मी विचारलं होतं गं."

मी म्हटलं, कुणाला विचारलं होतंस?

"डॉक्टरीणबाईला. शुक्रवारीच. मनलं, आमच्या शेजारच्या बाईची पाळी जाऊन लई वर्षं झाली, आता परत डाग दिसायलाय, चालतंय का?"

"मग?"

"मनल्या, शेजारणीला पाठव."

"आणि तू?"

"मी काय," आई म्हणाली, "पुढच्या बाईला चहा दिला."

मी चिडले, रडले, नको ते बोलले. आईनं हात हलवून मला गप्प केलं. म्हणाली, "तिचा नियम हाय. सगळ्यांला एकच हाय. माझ्यासाठी कामून मोडल ती?" एवढं बोलून तिनं डोळे मिटले, आणि मग हळूच विचारलं, की चहाची भांडी आता कोण घासतं कुणास ठाऊक.

त्या आठवड्यात मी एसटीनं लातूरला गेले. घरी न जाता सरळ दवाखान्यात गेले. बैठक उठली होती. सतरंज्या तशाच पसरलेल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई एकट्या त्या गोळा करत होत्या. आईला खरं काय झालं आहे ते त्यांना नांदेडच्या डॉक्टरकडून कळलं होतं. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं नाही. उभ्या उभ्या विचारलं, आईनं तुम्हाला विचारलं होतं ना?

"हाव."

ती स्वतःचंच विचारत होती, हे तुम्हाला कळलं नाही का, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, नाही कळलं. तेवढं जरी म्हणाल्या असत्या तरी मी परत फिरले असते.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "शेजारणीचं सांगणारी बाई एवढं बारीक सांगत न्हाई. कोणत्या सणाच्या दिवशी डाग दिसला ते सुदीक सांगितलं तिनं."

"मग?"

सतरंजी त्यांनी छातीशी धरली होती. म्हणाल्या, "मला वाटलं, सगळ्या बायांला 'मी' मन, 'मी' मन, असं शिकवणारी बाई हाय. आज न्हाई मनली तर पुढच्या शुक्रवारी मनंल. वाट बगितली. दर शुक्रवारी बगितली. ती चहा द्यायची, मी तिच्या तोंडाकडं बगायची."

त्यांच्या दारापासून आमचं दार हाकेच्या अंतरावर आहे. ते बूट चढवून त्या कोणत्याही दिवशी आमच्याकडे येऊ शकत होत्या. आईला स्वयंपाकघरात गाठून कानात सांगू शकत होत्या, बाई, चला. आल्या नाहीत. का आल्या नाहीत ते मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आई म्हणजे त्यांच्या शिकवणीचा पुरावा होता. इतकी वर्षं जी ओसरी चालवली तिचं फळ म्हणून आईनं एक दिवस सगळ्यांसमोर 'मला' म्हणावं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते फळ आयतं पदरात पडावं म्हणून त्या थांबून राहिल्या. हे सगळं मी त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. एक वाक्यही स्वतःच्या बाजूनं बोलल्या नाहीत. मला त्याचाही राग आला.

आई उन्हाळा लागायच्या आधी गेली. तेरवी लातूरच्या घरी झाली. अंगणात मांडव, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये खुर्चीवर हार घातलेला फोटो. काकांनी उभं राहून चार शब्द सांगितले. बाईंनी कितीतरी पिढ्या घडवल्या, हार्टचा त्रास होता पण कुणाला कळू दिला नाही, पुण्यवान म्हणून फार हाल न होता गेल्या. हाल मी बघितले होते. मी पदराचं टोक दातात धरून बसले. काका बसले आणि बायकांच्या मागच्या रांगेतून डॉक्टरीणबाई उठल्या.

"बाई हार्टनं गेल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. शुक्रवारी बोलायच्या तसाच आवाज, सगळ्या मांडवाला ऐकू जाणारा. "त्यान्ला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. पाळी गेल्यावर पहिला डाग दिसला तवाच त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं न्हाई. ती माझी चूक हाय. दुसऱ्या कुणाला असं दिसत आसंल तर घरी बसू नका."

मग काका उठले. तोंड सांभाळा म्हणाले, इथं पुरुषमाणसं बसली आहेत. मेलेल्या बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडता, लाज नाही वाटत? बाबांनी उपरण्यात तोंड लपवलं. एका आत्यानं कानात बोटं घातली. एवढी माणसं होती, शिकलेली, मास्तर, वकील, बँकेतली, पण 'मी उत्तर दिलं न्हाई' हे कुणाच्याही कानात शिरलं नव्हतं. त्याबद्दल कुणी त्यांना जाब विचारला नाही. सगळ्यांना झोंबलं ते एका अवयवाचं नाव. काकांनी फाटकाकडे हात केला आणि डॉक्टरीणबाई निघाल्या.

मीही त्यांच्या मागं गेले. सांत्वनाला नाही. मला त्यांना आणखी बोलायचं होतं. मांडवात उभं राहून चूक कबूल केली की मोकळं झालं, असं त्यांना वाटत असेल तर तसं नाही, हे सांगायचं होतं. पण माझ्या आधीच मावशी तिथं पोचली होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, हिमायतनगरला असते, आईच्याच तोंडावळ्याची. डॉक्टरीणबाई पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. मावशी पदर तोंडाला लावून त्यांच्यापुढं वाकली. मी तुळशीपाशी थांबले.

"आमच्या तिकडं एक बाई हाय," मावशी म्हणाली. "शेजारीणच हाय मना. तिला बी तसंच व्हायलंय, मधीच. नवऱ्यापाशी गेलं की जास्ती."

नाडी बांधणारा हात थांबला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आता मावशीला ऐकावं लागणार म्हणून मी पुढं झाले. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "कवापासून?"

मावशीनं सांगितलं.

"तिला मनावं, आजच या. आत्ताच. मी दवाखान्यात चालले, दार उघडंच ठेवते. नाव सांगू नका. स्वतःचं हाय मनायची बी गरज न्हाई. आलं तरी बास."

त्या उठल्या आणि त्यांनी मावशीचा हात धरला. मावशीनं एकदा मांडवाकडे बघितलं, आणि जेवणाची पंगत बसायच्या आत ती त्यांच्याबरोबर गल्लीतून चालत गेली. दोन तासांनी परत आली आणि काही न बोलता वाढायला लागली.

मावशीचं सुरुवातीलाच होतं. पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनीच तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन तिची पिशवी काढायला लावली, ज्यांनी आयुष्यभर लोकांना ती काढू नका म्हणून सांगितलं त्यांनी. दाखल करताना त्या स्वतः तिच्या उशाशी बसून होत्या. मावशी आता ठणठणीत आहे. घरच्यांना अपेंडिक्स काढलं असं सांगितलं आहे. शुक्रवारची बैठकही चालू आहे, आणि ऐकते त्यावरून तिथं हल्ली शेजारणीचंही उत्तर मिळतं. बायका आधीपेक्षा जास्त जमतात. चांगलं बोलणारी माणसं वाढली आहेत ती त्यामुळंच.

मावशी वाचली याचा मला आनंद आहे, आणि तो खरा आहे. दिवाळीला ती आता माझ्याकडे येते. आईसारखीच पाटावर एका अंगावर कलून बसते, आईसारखीच 'अर्धीच वाढ' म्हणते. मी अर्धी पोळी वाढते आणि दरवेळी मनात तेच येतं. डॉक्टरीणबाईंना 'आजच या' हे उत्तर येत होतं. आधीपासून येत होतं.